करडी

गुडघा गेला त्या साली
पुतण्या म्हणाला, काका, फटफटी घ्या.
फटफटी मन्याडीच्या वाळूत उतरत नाही,
आणि गाय वळली म्हणून ती वळत नाही.
माळेगावच्या बाजारातून शिंगी आणली,
अडीच वर्षांची, रंगानं करडी.
स्वभावानंही करडीच,
हात लावावा तिथं काटा.

मैनोद्दीन चाबूकस्वार ओळखीचा.
म्हणाला, "महिनाभर ठिवा माझ्याकडं.
गोल गोल फिरवतो, मोडून देतो."
मोडलेलं घेऊन काय करू?
माझ्याकडं तेवीस लाल कंधारी होत्या
आणि रोजचं काम होतं.

आधी नुसती मोहरकी धरून गुरांच्या मागं.
ती डावीकडं, उजवीकडं लंगडा मी.
हरणीनं शेपूट हाणलं की चार हात उडायची.
भोरीनं शेण टाकलं तरी उडायची.
मी थांबायचो. बोलायचो नाही.
गाय आपली पुढं जायची,
आणि गाय पुढं गेली की हिचे कान पुढं.
पाठ दाखवून जाणाऱ्याला कोण किती दिवस भिणार?

मग पाठीवर गोणपाट.
गोणपाटात सरकीची पेंड, पाच किलो, दहा किलो,
गायरानातल्या दगडी डोणीपर्यंत.
पेंड उतरली की गुरं तिच्याभोवती गोळा व्हायची.
तिला वाटलं असावं, आपल्यालाच भेटायला येतात.
मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

मग एका सकाळी खोगीर, खोगिरात मी,
रिकिबीत वाकडा पाय.
चल म्हटलं. उभीच.
टाच दिली. मान वळवून तिनं
टाचेचा वास घेतला.
तेवढ्यात शिंगमोड्या गोऱ्हा केरबाच्या तुरीत निघाला,
म्हणजे भांडणातच निघाला,
आणि ही आपसूक सुटली.
गोऱ्हा थांबला, ती थांबली.
गोऱ्हा डावीकडं, ती डावीकडं.
माझ्या हातात लगाम सैल,
मी नुसतं वरचं ओझं.
केरबा बांधावरून ओरडला, "शिकली की!"
शिकवलं कुणी ते त्याला दिसलं नाही.
गोऱ्हा तर परत चरायलाही लागला होता.

एकदा चुकलो.
घरी बोलाचाली झाली होती, ती मनगटात उतरली,
लगाम हिसडला. कारण काहीच नव्हतं.
तोंडाला फेस, फेसात लाल धागा.
चार दिवस मोहरकी दाखवली की ती तोंड फिरवायची.
चार दिवस मी त्या पायानं गुरांमागं चाललो.
बायको म्हणाली, "कामून बसत न्हाईत घोड्यावर?"
म्हटलं, पाय मोकळा करतोय.

दिवाळी सरली, ज्वारी पोटऱ्यात आली,
तेव्हा लोह्याचा एक बँडवाला आला.
वरातीला करडा रंग उठून दिसतो म्हणे.
पोराला हलगी वाजवायला लावली, अगदी कानाशी.
ती हलली नाही. हलगी थांबली तरी हलली नाही.
एक कान हलगीकडं, एक हरणीकडं.
"मालक, हिचं ध्यान न्हाई."
म्हटलं, हाय की.
तुमच्याकडं न्हाई, एवढंच.

वाडग्याची झाप मात्र तिला कधी पटली नव्हती.
बोरीचे काटे, तारेचा आकडा, त्याचा आवाज.
रोज संध्याकाळी मी कण्हत उतरायचो,
झाप लोटायचो, दगडावर चढून परत बसायचो.
त्या दिवशी गुरं आत गेली,
आणि ती, मी काही न सांगता,
कड धरून झापेला लागून उभी राहिली.
मी वाकलो. आकडा हाताला आला.
तीन पावलं ती मागं सरली, झाप तिच्यासोबत आली.
तेवीस आत.

अंधार पडला, बायकोनं दोनदा हाक मारली.
मी वरच बसून होतो.
उतरून करायचं असं काही उरलंच नव्हतं.