सांधा

सोहारच्या त्या पाचमजली इमारतीत
मी चारदा कनेक्शन दिलं.
पहिल्यांदा तांब्याची जोडी, टेलिफोनचीच;
मॉडेम घशात खडा अडकल्यासारखं खाकरायचं
आणि दुसऱ्या मजल्यावरच्या सुदानी मास्तरांचा फोन
रात्रभर एंगेज.
मग डीएसएल. मग कुणी म्हणालं तारच नको,
गच्चीवर अँटेना,
तिच्यावरची वाळू पुसायला दर बुधवारी मी.

आता काच.
केसाएवढी. सोलताना श्वास धरावा लागतो.
व्हॅनमधला एसी बंद, धूळ उडते म्हणून;
घाम कोपरावरून टपकतो.
मशीन दोन टोकं वितळवून जोडतं
आणि पडद्यावर सांध्याची तूट दाखवतं:
शून्य पूर्णांक शून्य दोन.
काहीच नाही, म्हणतो परेरा,
पुढची घे.

आमच्या कँपला फायबर नाही.
मालक म्हणतो, बघू.
अकरा जणांत एक डोंगल, खिडकीला टांगलेलं,
दहानंतर सगळ्यांच्याच बायका
बोलता बोलता थिजतात.

कार्डाच्या दिवसांत वासंतीला सात मिनिटं मिळायची.
त्यात गॅस, फी, आईचा गुडघा,
आणि भांडायलाही दीड मिनिट उरायचं.
आता दापोलीला घरात फायबर आलंय,
माझ्याआधी.
ती मला तांदळाच्या डब्याला टेकवते
आणि कामाला लागते.
शिट्ट्या मोजतो मी. तीन झाल्या, सांगतो,
ऐकू जातं की नाही कोण जाणे.
उरलेला वेळ छत बघतो.
पंख्याचं एक पातं कललंय.
सुट्टीवर गेलो की आधी ते.