बूच

लिएपायाच्या वाचनालयाला गुरुवारी
मी साडेआठला कुलूप लावते.
म्हणजे लावायचं असतं.
पण शेगडीजवळच्या टेबलाशी
ओयार्स आणि वेल्ता बसलेले असतात.

तो बंदरात क्रेन चालवायचा.
ती अजून चष्म्याच्या दुकानात काचा घासते.
दोघंही बेताचंच खेळतात,
हे मी नाही, तेच सांगतात,
एकमेकांबद्दल.

काळ्यांतलं एक प्यादं कधीचं हरवलंय,
त्याच्या जागी बाटलीचं बूच.
वेल्ता ते मुद्दाम राजाच्या उंटापुढे मांडते
आणि दुसऱ्याच खेळीला दोन घरं पुढे सारते:
घे.
या गॅम्बिटला आमच्या देशाचं नाव आहे.
शहाणी माणसं तो खेळत नाहीत.
ओयार्स घेतो,
बूच कोटाच्या खिशात टाकतो
आणि मग तासभर घाम पुसतो.

आज तिचा वजीर त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.
मी बादली भरून आणली,
तोवर वादळ ओसरलं होतं.
हत्तींनी हत्ती नेले, घोडे संपले,
बाहेर शेवटच्या ट्रामची घंटा वाजून गेली.
वेल्ताकडे उरला नुसता राजा.
त्याच्याकडे राजा, एक उंट
आणि ते जादा प्यादं,
बुचाचा नफा, एवढा वेळ जपलेला.

"संपलं की," म्हणत मी किल्ल्या वाजवल्या.
वेल्ताचा राजा चालत चालत
कोपऱ्यातल्या काळ्या घरात जाऊन बसला.
प्यादं तिथेच निघालेलं, अगदी कडेच्या पट्टीनं.
पण उंट पांढऱ्या घरांचा.
जन्मभर पांढऱ्यावरून तिरपा चाललेला,
त्या कोपऱ्याला तो काय करणार?
आणखी एक पाऊल, की तिला हलायला जागाच नाही,
आणि शहसुद्धा नाही.

ओयार्स बराच वेळ बघत राहिला,
ओझं उचलण्याआधी आकडा बघावा तसा.
"बरोबरी."
"जिंकलं कोण मग?"
"कुणीच नाही," दोघं एकदम म्हणाले,
आणि चेहरे असे, की घरी पार्सल आलंय.

दाराशी त्यानं हातमोजे काढले
तर बूच खिशातून पडलं,
माझ्या ओल्या फरशीवरून घरंगळत
कपाटाखाली गेलं.
तिघंही गुडघ्यांवर बसलो. सापडलं नाही.
"पुढच्या गुरुवारी दुसरं आणते," वेल्ता म्हणाली.
"बूच आणायचं तर बाटली आलीच," तो म्हणाला.
माझ्याकडे वळून: "पेले आहेत का इथे?"

कुलूप लावलं तेव्हा नऊ वाजून वीस.
वरच्या फडताळात आहेत. तीन.