ठसे

अर्जाच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय:
दहाही बोटांचे ठसे, शेरीफच्या कचेरीतून.

बाकीचं बहुतेक जमलं होतं.
रात्रीचे वर्ग झाले, कॉलेजच्या तळघरात,
जिथे हीटर म्हाताऱ्या खाणकामगारासारखा खोकायचा
आणि माझ्या मुलाच्या वयाची पोरं
व्यसनाची व्याख्या घोकायची.
मला घोकावी लागली नाही.
फक्त स्पेलिंग चुकायचं.

नीतिमत्तेचे सहा तास झाले.
पेशंटला उसने पैसे देऊ नयेत,
त्याच्याकडून भेट घेऊ नये, भाजलेला पाय असला तरी.
मिठीवर अख्खं अर्धं पान आहे.

आणि देखरेखीखालचे दोन हजार तास.
दर शुक्रवारी मिसेस अडकिन्स चष्मा कपाळावर सरकवून
हिरव्या शाईने सही करतात.
गेल्या आठवड्यात बोट अडलं त्यांचं:
"मंगळवारी डेल्मर आलाच नव्हता ना?
मग हा पाऊण तास कसला?"
मी बसले होते त्याच्यासाठी.
दोन कॉफ्या आणल्या होत्या. एक गार झाली.
"वाट बघणं धरत नाहीत, व्हर्ना."
त्यांनी आकडा खोडला,
आणि खाली सही करायला
नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

तर, ठसे.
काचेवर बोट ठेवलं. यंत्र म्हणालं, पुन्हा ठेवा.
पुसून ठेवलं. पुन्हा ठेवा.
फुंकर मारून, दाबून, तिरकं करून. पुन्हा ठेवा.
माझी आई म्हणायची,
ही पोरगी आयुष्यात कुठे ठसा उमटवायची नाही.
बाई अक्षरशः खरं बोलून गेली.
त्या वर्षांत काचेची नळी तापायची,
बोटांची टोकं भाजायची
आणि भाजल्याचा वास आधी यायचा, दुखणं दुसऱ्या दिवशी.
उरलंसुरलं मोटेलच्या चादरींच्या ब्लीचने नेलं.

हॉबर्टने खण उघडला. तळाशी शाईची गादी होती, जुनी.
"हात सैल सोड," तो म्हणाला.
एकोणीस वर्षांपूर्वीही हेच म्हणाला होता,
हाच अंगठा धरून, याच टेबलाशी.
तेव्हा त्याचे केस काळे होते.
"तू थुंकली होतीस माझ्यावर,"
कागदावरची नजर न काढता तो म्हणाला.
"हो."
"आता कशासाठी लागतायत?"
मी सांगितलं.

तर्जनी. मधलं बोट. अनामिका.
करंगळीशी तो थांबला.
बाहेर कोळशाचा ट्रक घाट उतरत होता, ब्रेक किंचाळत.
"मंगळवारी बसता ना तुम्ही? चर्चच्या मागे?"
मला एकदम "तुम्ही" झाले होते मी.
"कुणीही येऊ शकतं?"
"कुणीही. मागचं दार उघडंच असतं.
नाव विचारत नाही."
"माझा धाकटा," तो म्हणाला,
आणि पुढचं काहीच म्हणाला नाही.
करंगळी त्याच्या मुठीत तशीच राहिली,
अर्धी काळी.

मला अजून प्रमाणपत्र नाही, हे सांगायला हवं होतं.
पुस्तकात तसं वाक्यही आहे, सोपं, दोन ओळींचं.
मी हात काढून घेतला नाही, एवढंच.
किती वेळ, ते घड्याळात पाहिलं नाही.
शुक्रवारी लिहिणारही नाही.

शाई साबणाने निघत नाही.
स्टीअरिंगला लागली, पाकिटाला लागली,
पोस्टाच्या तिकिटावरच्या पक्ष्याच्या पोटाला लागली.
मंगळवारी कॉफीच्या कपांनाही लागली, दोन्ही.

दोन वाजून दहा मिनिटांनी डेल्मर आला.
टोपी न काढता बसला. माझ्या हातांकडे बघितलं,
बराच वेळ बघितलं,
आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसला:
"काय बाई, धरलं की काय तुला?"