आत थोडी माया

इंदू, तू विचारलंस म्हणून सांगते.

संडरलंडच्या दवाखान्यात आधी
एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालून बसवलं.
ठिपका दिसला की बटण दाबायचं.
खालचे दिसले. वरचे माझ्याविनाच लागले, विझले.
मग पापण्या चिकटपट्टीनं वर ताणून पुन्हा तोच खेळ,
आणि वरून ठिपकेच ठिपके,
तडतडत्या मोहरीसारखे.
अच्युत म्हणाला, "झालं, आता सरकारी खर्चानं.
नुसतं सुंदर दिसायला असतं तर नाही."
सदुसष्टाव्या वर्षी तेवढं कळतं मला.

चार वर्षं मी हनुवटी वर करून जगले.
शेजारची डोरीन म्हणायची, बाई भारी तोऱ्यात चालते.
तोरा कसला, बसचा नंबर दिसायचा नाही.
दिवसभर भुवयांनी ओझं उचलायचं
आणि संध्याकाळी कपाळ हमालासारखं दुखायचं.

डॉक्टर ओकाफोरनी चिमटीत कातडी धरली,
जांभळ्या पेनानं रेघ आखली.
बाजारामागच्या गल्लीत एकतीस वर्षं
मी लोकांच्या पँटी आखूड केल्या,
मला ते हात ओळखीचे वाटले.
म्हटलं, जपून. कापलेलं कापड लांब होत नाही.
ते हसले नाहीत. म्हणाले, हेच मी सांगणार होतो,
जास्त घेतली तर डोळा मिटत नाही. थोडी ठेवावी लागते.
आम्ही तिला माया म्हणतो, मी सांगू लागले,
शिवणीच्या आत ठेवतो ती,
आणि तिथेच अडले.
इंग्रजीत ती नुसती उरलेली पट्टी निघाली.

झोपवत नाहीत, बरं का.
सुई टोचते, पाणी येतं, ते रडणं नव्हे.
पुढे ओढल्याचं कळतं, दुखल्याचं नाही.
मधेच उठवून बसवतात, वर बघा, खाली बघा,
मी गिऱ्हाइकाला स्टुलावर उभं करायचे तसं.
केस जळाल्यासारखा वास येतो. तो आपलाच.
नर्स मॉरीन हात धरून विचारते, "ऑलराइट, पेट?"
इकडे लाडानं सगळ्यांनाच म्हणतात.
त्या वासात तो शब्द मला मराठीत ऐकू आला.
मी हसले. डॉक्टर म्हणाले, हलू नका.

मग आठवडाभर वांग्याच्या सालीचा रंग.
गोठलेले मटार फडक्यात गुंडाळून ठेव
(नंतर उसळीत घालू नकोस. मी घातले.)
उशा दोन. वाकायचं नाही, देवाला नमस्कार उभ्यानं.
मलमानं सगळं घर धुक्यात.
सातव्या दिवशी टाके उसवतात, कट्, कट्.
डावी पापणी उजवीहून किंचित खाली राहिली.
इंचपट्टी लावू नकोस.
दोन बाह्या तरी कुठे सारख्या असतात?

आणि दिसतं काय, तर दाराच्या चौकटीवरचं
चार वर्षांचं जळमट.

एक सांगायचं राहिलं.
पहिले काही दिवस झोपेतही पापणी पुरती मिटत नाही,
सुतभर फट राहते.
अच्युत माझ्याआधी उठतो. त्याला वाटलं, मी झोपलेय.
त्या फटीतून दिसला, खिडकीपाशी, सदऱ्याचं बटण लावताना.
बोटं थरथरत होती. काज सापडेना.
थांबला. माझ्याकडे बघितलं. पुन्हा लागला.
कधीपासून? विचारलं नाही.

डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं,
उरलं होतं तेवढं.
पुरलं.

दुपारी त्याचे सहा सदरे काढले.
बटणं काजांवर तशीच टाचली, दिसायला,
आणि आतून टिचबटणं लावली.
सुईत दोरा
पहिल्याच खेपेला गेला.