नदीएवढा देश

यावलच्या ग्रामीण रुग्णालयातून
मी मार्चअखेर निवृत्त झाले, रुबाब तडवी मेअखेर.
दोघींच्या निरोपाला एकाच गठ्ठ्यातली शाल आली,
काठ तोच होता.

आता दुपारी तिच्या ओट्यावर
आम्ही गांबिया उघडून बसतो.
नकाशांचं पुस्तक तिच्या नातवाचं,
आफ्रिकेच्या पानावर वरणाचा डाग.
डागाच्या डावीकडे, समुद्राला टेकलेला
सुतळीच्या तुकड्याएवढा देश.
मधून नदी, दोन्ही काठांना थोडी थोडी जमीन,
बस्स, देश संपला.
रुबाब म्हणाली, "म्हणजे आपली तापी धर,
अलीकडे यावल, पलीकडे भुसावळ,
तेवढ्याचंच राज्य केलं की काय कुणी?"

हिशेब माझ्याकडे.
लसीकरणाच्या जुन्या नोंदवहीची कोरी पानं उरली होती,
रकाने आधीच आखलेले.
'बालकाचे नाव' इथे मी विमान लिहिते,
'आईचे नाव' इथे विमान कुठे बदलायचं ते,
'शेरा' मध्ये पैसे.
शेरा वाढत चाललाय.

"तिथं ऊन फार असेल का गं, भारंबे?"
विचारते कोण, तर जी बाई
भर मे महिन्यात थंडपेटी खांद्याला लावून
सातपुड्याचे पाडे पायी चढली,
बर्फाच्या आधी पोचायचं म्हणून
पाणी प्यायलाही थांबली नाही.

भुईमूग तिथेही पिकतो म्हणे, भरपूर.
दाणे वाटून त्याचं कालवण करतात, भातावर घेतात.
"मग एवढं लांब जायचं कशाला?"
हे रुबाबची सून, आतून.
रुबाब गप्प. भिंतीवरची मुंगी गेली तेवढा वेळ.
मग म्हणाली, "आयतं कोणी वाढेल म्हणून."

एक लस घ्यावी लागते, पिवळ्या तापाची.
त्यासाठी मुंबई गाठायची.
कार्ड मिळतं, जन्मभर चालतं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी जन्मभर म्हणजे किती,
ते कार्डावर नसतं.
मी म्हटलं, एका दिवसात जाऊन येऊ.
तर ही पदराचं टोक पिळत बसलेली.
"मला सुई बघवत नाही," म्हणाली.

चौतीस वर्षं!
किती दंड, किती मांड्या, किती रडणी,
अख्ख्या तालुक्याला टोचून झालेली ही बाई.
"मी आईच्या बांगड्या बघायची," म्हणाली,
"सुई आपली आपण जायची."
कोरोनात मीच टोचलं होतं हिला.
डोळे मिटून काही पुटपुटत होती,
मला वाटलं दुआ.
आज सांगते, एकोणतीसचा पाढा होता,
अवघड म्हणून निवडलेला.

पानावर पुन्हा वाकलो.
नदी जिथे समुद्राला मिळते
तिथे तिने करंगळी ठेवली, काढेचना.
तापीचं मुख आम्ही कुणी पाहिलेलं नाही.
सुरतेच्या पुढे ती काय करते,
कुणाच्या ताब्यात देते स्वतःला,
जन्मभर तिच्या पाण्यावर केळी खाल्ली
आणि विचारलं नाही.
"पैसे कमी पडले तर तिथवर जाऊ," मी म्हटलं.
"तापी घरची आहे," रुबाब म्हणाली,
"घरच्यांकडे कधीही जाता येतं.
म्हणूनच जाणं होत नाही."

गल्लीतून कुणीतरी हाक टाकली,
"काय व माय, काय चाललंय दोघींचं?"
आम्ही वहीवर हात ठेवला, दोघींनी एकदम,
बारावीच्या पोरींसारखा.

शेवटचा रकाना: पुढील तारीख.
मी पेन्सिलीने जानेवारी लिहिलं.
रुबाबने मान वाकडी करून वाचलं,
पुन्हा एकदा वाचलं,
म्हणाली, "जरा ठळक काढ.
सुनेला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे."