वापरणाऱ्याचं नाव

अडाण नदीकाठचं गाव, पण अडाणी नाही,
हे मी जीपमध्येच सांगून ठेवलं होतं.
गावची आशा मी, वाट दाखवायला सोबत.
तरी नागपूरच्या पोरांनी यंत्राला लावलेली चाकं
फरशीवरचीच होती.
उंबरठ्याशी ते अडलं.
मग चौघांनी उचलून आत नेलं
माणूस उचलणारं यंत्र.

पंचफुलाबाई हसली नाही. चहा ठेवला.
कोरा. दूध नव्हतं.

खाटेवर डोमाजी ढोके.
तीस वर्षं जिनिंगात, काट्यावर.
कापसाचं गाठोडं नुसतं हातानं तोलून
किलोत सांगायचे, अर्धा पाव इकडेतिकडे.
आता डाव्या हाताची दोन बोटं तेवढी त्यांची,
बाकीचं अंग लकव्याचं.

ऋजुतानं कागद काढला.
वापरणाऱ्याचं नाव: डोमाजी.
वय: अडुसष्ट.
"रात्री त्याईले कूस कोन बदलून देते?"
चुलीपासून आवाज आला.
"मंग माहं नाव कुठी हाय?"

कागदावर जागा एकाच नावाची होती.
पोरगी जरा वेळ तशीच बसली,
मग मांडीवर कागद ठेवून
खाली दुसरी रेघ ओढली, वाकडी.

यंत्राच्या पडद्यावर आकडा आला: एकसष्ट किलो.
"दुपारी असन," पंचफुलाबाई म्हणाली.
"रात्री तीन वाजता मोजजा."

तिनंच मग सांगितलं की तीनला लाइट नसते,
सारवलेल्या भुईत चाक रुतते,
ह्या पिपाणीनं बकरी दावं तोडन,
आणि उजव्या बगलेत जुनी जखम, तिथं पट्टा नको.
हर्षद लिहीत होता. मला हळूच म्हणाला,
पिपाणी लिहू की बीप?
पिपाणीच लिही, म्हटलं.

मग ती स्वतः खाटेशी वाकली.
एक हात मानेखाली, एक कमरेखाली.
"उचलू काय जी?"
आणि थांबली.
थांबलीच.
हर्षदनं घड्याळ पाहिलं.
"किती सेकंद थांबायचं, आजी?"
"सेकंद कायचे, बापू. ते थुका गियतेत. मंग उचलाचं."
गियतेत म्हणजे?
गिळतात, मी सांगितलं.
त्यानं लिहून घेतलं, आणि बराच वेळ
त्याच ओळीकडं बघत बसला.

दिवाळी झाल्यावर आले परत.
चाकं रुंद, बॅटरी आतच, पिपाणी गेलेली.
आणि एक सुती दोरी,
तिचं टोक डोमाजींच्या दोन बोटांत.
ओढली तर उचलणार. नाही तर नाही.

त्यांनी ओढलीच नाही.
यंत्र त्यांच्यावर वाकून उभं,
आम्ही सगळे उभे,
बाहेर कुणाची तरी मोटर सुरू झाली, बंद पडली.
ऋजुताचा हात बटणाकडे गेला
तो पंचफुलाबाईनं मनगटाशी धरला.
"थांब न माय. जिनात बी असेच करत.
काटा ठरल्याबिगर बोलत नसत."

कंठ हलला.
दोरी ताणली.

डोमाजी खाटेवरून वर आले, टोपलीतल्यासारखे,
आणि मी पाहिलं,
पलीकडे पंचफुलाबाईचे हातही
तेवढेच, तितक्याच हळू
वर गेले होते, रिकामे.
तिनं ते पाहिले. पदराला पुसले.
मग म्हणाली,
"कमरेपाशी अजून ढिल्लं करा लागन.
लिवा."