लागलं म्हणायचं

पोरच्या अलीकडे, हायवेपासून आत,
ज्या प्लॉटवर आमची शेड उभी राहायची होती आणि राहिली नाही,
तिथे मृणू म्हणाली, बाबा, पेंटबॉलचं मैदान करू.
मी विचारलं, परवानगी कोणाची?
चौतीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होतो नंदेसरीला,
तोंडून आधी तेच निघतं.

मुस्तअली भंगारवाल्याकडून ड्रम आणले, निळे, अठ्ठावीस.
प्रत्येकाचं झाकण उघडून वास घेतला,
जो घ्यायचा नसतो, मीच शिकवलंय लोकांना,
आणि नऊ परत पाठवले.
शेठ, यात लोक पिण्याचं पाणी भरतात, तो म्हणाला.
म्हटलं, म्हणून तर.

केबलची रिकामी लाकडी रिळं.
ट्रकचे टायर, बुडाला भोकं पाडलेले,
पाणी साचून डास नकोत.
बांधकामाची हिरवी जाळी, दुहेरी, चौदा फूट,
पूर्वेला आणखी दोन,
कारण पूर्वेला काशीबेनच्या म्हशी
आणि म्हशीला केशरी गोळी लागली
तर दुधाचा हिशेब कोण देणार.

वेल्डिंग केतुलचं.
मृणूच्याच वर्गातला, फाइन आर्ट्सचा, शिल्पकलेचा.
ड्रमवर ड्रम ठेवून चार पावलं मागे जायचा,
मान वाकडी करून बघत राहायचा.
अरे, त्यामागे लपायचंय, प्रदर्शन नाही भरवायचं!
काका, लपणाऱ्यालाही आकार लागतो.

दुपारी सेव-उसळ, तर्री वेगळ्या पिशवीत,
पाव रिळावर मांडून.
खुंट्या, सुतळी, चुना.
चुन्याची रेघ वाकडी आली. पुसली.
पुन्हा वाकडी.
राहू दिली.

भर पावसाळ्यात ढाढर चढली.
टायर वाहत जाऊन कुंपणाला टेकले,
एकात हातभर मगरीचं पिल्लू.
प्राणी वाचवणारी मुलं आली, ओल्या पोत्यात घालून घेऊन गेली.
मी रजिस्टरात नोंदवलं : आगंतुक एक, जखमी कोणी नाही.
बाबा, इथे रजिस्टर?
सवय, म्हटलं.

नियम तिने पुठ्ठ्यावर लिहिले, तपासायला मला दिले.
मुखवटा काढायचा नाही.
दहा पावलांच्या आत झाडायचं नाही.
तिसऱ्यापाशी मी अडलो.
गोळी लागली की हात वर करायचा,
मोठ्याने 'लागलं' म्हणायचं, बाहेर यायचं.
रंग पुसून खेळत राहणं ही चोरी.

रावजी पढियारला त्या सकाळी व्हॉल्व्हपाशी
एक झोत लागला होता.
धावत गेलो तर उभा होता, गमछाने तोंड पुसत.
कंई नथी लाग्युं, साहेब.
डबल पाळीचे पैसे बुडतील, हेही असेल.
सायकलवर बसून घरी गेला.
मी रकान्यात लिहिलं : निरंक.
माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.
पहाटे तीनला त्याच्या भावाचा फोन आला.

पुठ्ठा परत दिला.
बरोबर आहे, म्हटलं. तिसरा पहिला कर.

चाचणीला कोणाला तरी उभं राहणं भाग होतं.
मृणू म्हणे मी, केतुल म्हणे मी,
तेवढ्यात मी जाऊन उभा राहिलो,
जुना खाकी शर्ट, मुखवट्यात स्वतःचाच श्वास.
पंचवीस पावलांवर माझी मुलगी
नेम धरून
किती वेळ.

चापट बसावी तशी. मग थंड.
पट्ट्याच्या वर, डावीकडे.

लागलं, मी म्हणालो.
मुखवट्यातून ते कोणाला ऐकू गेलं नसावं.
लागलं!
पलीकडे एका म्हशीने मान वळवली.
हात वर धरून वाकड्या रेघेच्या बाहेर आलो,
फाटकापर्यंत गेलो तसाच.
काका, केतुल म्हणाला, हात घ्या खाली आता.

रंग दुसऱ्या पाण्यात गेला.
वळ आठवडाभर होता, जांभळा, मग पिवळा;
आंघोळीला मी तो बोटाने दाबून बघायचो.

त्या तारखेला रजिस्टरात, निळ्या शाईत :
लागले, एक.
चालत बाहेर आला.